फाळणी : हा शब्द नेमका आला कुठून?

बांधकरी
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय.

आमच्या समाईक जमिनीच्या कामासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून काही जुन्या नकला काढल्या. त्यातल्या एका कागदाचं नाव 'फाळणीबारा'. हातात घेतला आणि एकदम सत्तेचाळीस सालच आठवलं. 'फाळणी' म्हटलं की आपल्या पिढीला दुसरं काही आठवतच नाही. मग वाटलं, देशाच्या फाळणीवरून हा शब्द शेताच्या कागदावर गेला, की शेताच्या कागदावरून देशाला लागला?

दुसरं असं, की १९४७ च्या त्या घटनेला हिंदीत बँटवारा किंवा विभाजन म्हणतात, उर्दूत तक़सीम, पंजाबीत वंड, बंगालीत देशभाग, गुजरातीत भागला. 'फाळणी' आपल्याशिवाय कुणाकडे दिसत नाही. बरं, मराठीत तरी 'फाळणे' हे क्रियापद कोण वापरतं? भाकरी मोडतो, कांदा चिरतो, जमीन वाटतो. 'मी अमुक फाळलं' असं बोलताना मी कुणालाच ऐकलेलं नाही. क्रियापद गायब आणि नाम मात्र शाळेच्या पुस्तकात ठाण मांडून, असं कसं झालं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौकस
नांगराचा फाळ आठवा. जमीन चिरत जातो तो फाळ. शब्द वैदिक आहे. ऋग्वेदात चौथ्या मंडलातल्या ५७ व्या सूक्तात 'शुनं नः फाला वि कृषन्तु भूमिम्' असं येतं, म्हणजे आमचे फाळ सुखाने भूमी नांगरोत. धातुपाठात 'ञिफला विशरणे' असा धातू दिलाय, विशरण म्हणजे फुटणं, तडकणं. फाळ जमिनीचे दोन भाग करतो, फाळणी देशाचे. विषय संपला.

तिरपागडा
एवढ्यात संपवू नका हो चौकसराव, आत्ता कुठे चहा टाकलाय. फाटणे, फाडणे, फाटा, लाकूडफाटा, हे सगळं याच कुटुंबातलं का? आणि 'फाट्यावर मारणे' हा आपल्या सर्वांचा आवडता वाक्प्रचार कुठल्या धातूत बसतो तेवढंही सांगून टाका.

रंकाळ्याचा
बांधकरी, आमच्या कोल्हापुरात या एकदा. पुण्या-मुंबईचे लोक ज्याला घरपट्टी म्हणतात त्याला आमच्यात घरफाळा म्हणत्यात. महापालिकेत घरफाळा विभाग हाय, पावतीवर घरफाळा छापलेलं असतंय, 'फाळा भरला का?' हे मार्च महिन्यात घरोघरी ऐकू येतंय. इचलकरंजी, सांगली भागातल्या ग्रामपंचायतीतबी हाच शब्द. फाळा आणि फाळणी लांबचं असतील असं काय वाटत न्हाय. नांगराचा यात काय संबंध ते चौकसरावांनी सांगावं. घराला नांगर लावत न्हाईत आमच्यात.

बांधकरी
अरे वा! घरफाळा हा शब्द पेपरात कैकदा वाचलाय, पण फाळणीशी जोडून कधी पाहिला नव्हता. म्हणजे फाळा = कर?

मोडीचा_नाद
फाळा म्हणजे कर नव्हे. नीट सांगायचं तर फाळा म्हणजे एकूण देण्यातला आपल्या अंगावर आलेला वाटा. फरक बारीक आहे, पण सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या गावगाड्यात सरकारचं देणं पुष्कळदा गावावर एकगठ्ठा बसे. गावाने अमुक इतके रुपये भरायचे, एवढं ठरलं की ते कुणी किती द्यायचे हे पाटील-कुलकर्णी आणि गावकरी मिळून ठरवत. सरकारी रकमेच्या जोडीला गावखर्च असायचा : देवळाची नेमणूक, उत्सव, वेस-तटबंदीची डागडुजी, मुक्कामाला आलेल्या शिपायांचं खाणंपिणं. हा सगळा बोजा घरटी, जमिनीच्या मगदुरानुसार किंवा बैलजोडीमागे फोडून प्रत्येकाच्या नावावर टाकायचा. हा जो फोडून टाकायचा उद्योग ती फाळणी, आणि तुमच्या नावापुढे जी रक्कम पडली तो तुमचा फाळा.

मिळकतीच्या वाटपाला जुने कागद सहसा फाळणी म्हणत नाहीत. तिथे शब्द येतो 'वांटणी', आणि भावाभावांत होतं ते 'वांटणीपत्र'. वतन वाटलं गेलं तर तिसराच शब्द : तक्षीम. पाटीलकीची निमे तक्षीम, देशमुखीची चौथी तक्षीम, आणि ती खाणारा तो तक्षीमदार. ही तक्षीम म्हणजे बांधकरींनी दिलेली उर्दूतली तक़सीमच, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. तेव्हा सत्तेचाळीसला आपण 'तक्षीम' म्हणू शकलो असतो, शब्द घरातच होता.

वतनाच्या तक्षिमेत नुसता पैसा नसे, मानपान वाटले जात. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची, शिरपाव आणि पानसुपारी आधी कुणाला. यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली आहेत आणि त्यांचे महजर (सभेचे निर्णय), करीने (पक्षकारांच्या कैफियती), निवाडे आज दप्तरांत पडून आहेत. जमीन वाटता येते हो, पहिलेपणा कसा वाटणार? मग एका वर्षी थोरल्या घराचा बैल पुढे, दुसऱ्या वर्षी धाकट्याचा, असे तोडगे निघायचे.

थोडक्यात, तीन शब्द तीन कामांचे. हक्क वाटला की तक्षीम, मालमत्ता वाटली की वाटणी, आणि बोजा वाटला की फाळणी. कागद लिहिणाऱ्यांनी ही शिस्त दर वेळी पाळली असं नाही, पण कल असा दिसतो.

वऱ्हाडी_ठेचा
दंडवत घ्या मोडीभाऊ. वाचनखूण साठवली. आमच्याकडे 'वाटे-हिस्से झाले' एवढंच म्हणतात बाप्पा, फाळा कधी ऐकला नाही.

साखळीवाले_काका
भूमी अभिलेख खात्यात नोकरी झाली आहे, त्यामुळे राहवत नाही. फाळणीबाऱ्याबद्दल सांगतो.

पूर्वीची मोजणी शंकू-साखळीने होत असे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजकाल प्लॉट घेणाऱ्यांना १०८९ हा आकडा तोंडपाठ असतो, पण तो ३३ गुणिले ३३ आहे हे दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसतं.

सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडले की प्रत्येक हिस्सा मोजून मोजमापासकट जो कागद तयार करत तो 'फाळणी'. नमुना नंबर १२ वर करायचा, म्हणून बोली भाषेत फाळणीबारा. पण क्षेत्र फोडलं की काम संपत नाही. त्या नंबरवर जो आकार बसलेला असतो, म्हणजे सरकारी सारा, तोही त्याच प्रमाणात फोडावा लागतो. त्याचा कागद वेगळा, 'आकारफोड पत्रक'. क्षेत्रात किंवा आकारात फरक पडला की 'कमी-जास्त पत्रक', ज्याला सगळे कजाप म्हणतात.

मोडीचा_नाद म्हणतात ते मला पटतं. इंग्रजी अमदानीत इंदापूर तालुक्यापासून, साधारण १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. त्या पद्धतीत गावावर एकगठ्ठा बोजा न टाकता प्रत्येक शेताला नंबर दिला आणि त्या नंबरवर आकार बसवला. म्हणजे गावाने बसून फाळा ठरवायचं कारणच संपलं. पुढे त्या एका नंबरात भाऊ वाढले, पोटहिस्से झाले, तेव्हा आकार फोडायची वेळ पुन्हा आलीच. गावच्या चावडीतला शब्द असा मोजणीच्या दप्तरात जिवंत राहिला असावा. शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, खात्याचं परिपत्रक नव्हे.

अनुस्वारप्रेमी
काका, फार सुंदर माहिती. मोडीचा_नाद यांनी 'वांटणी' असं अनुस्वारासकट लिहिलं त्याबद्दल त्यांना माझा खास नमस्कार.

मराठीत वाटणे हे दोन आहेत. चटणी वाटणे आणि पेढे वाटणे. आज दोन्ही एकसारखेच लिहितो, पण जुन्या लेखनात पेढे 'वांटायचे' आणि चटणी 'वाटायची'. हिंदीत हा फरक अजून कानाला ऐकू येतो : बाँटना म्हणजे वाटप करणं, बाटना म्हणजे पाट्यावर वाटणं. आपल्या बोलण्यातला तो नाकातला उच्चार केव्हाच गेला होता, लेखनात टिंब तेवढं उरलं होतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि तो शेवटचा धागाही तुटला.

बांधकरींनी दिलेल्या यादीतली पंजाबी 'वंड' ही आपल्या 'वांट्या'ची सख्खी बहीण. दोन्हींचं मूळ संस्कृत 'वण्ट्'. पंजाबीत अनुनासिकामागचा ट मऊ होऊन ड झाला, दाताचा दंद झाला तसा. शिखांचं 'वंड छको', म्हणजे वाटून खा, हेही तेच. तेव्हा पंजाब्यांनी सत्तेचाळीसला जो शब्द वापरला तो आपल्याकडे होता, हिंदीवाल्यांचा बँटवाराही तोच. आपण तक्षीम सोडली, वाटणी सोडली आणि हिशेबातला शब्द उचलला.

मांडवीकाठ
गोंयांत अजून तो नाकातला उच्चार शाबूत आहे. आम्ही 'वांटो' म्हणतो, 'म्हजो वांटो दी'. गावकारीच्या, म्हणजे गावच्या समाईक जमिनीच्या संस्थेच्या (पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद केली) उत्पन्नातून गावकाराला दर वर्षी मिळतं ते 'जोण'. म्हणजे आमच्याकडे एकत्र ठेवून उत्पन्न वाटायची तऱ्हा, जमीन फोडायची नव्हे. निदान कागदोपत्री. :)

कॅम्प_नंबर_चार
मी उल्हासनगरचा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, हे बहुतेकांना माहीत असेल. आमच्या चाळीत अर्धी घरं सिंधी. ते लोक 'विरहाङो' म्हणतात. बांधकरी, तुमच्या यादीत हा घाला.

खालच्या मजल्यावरच्या आजींना मात्र मी हा शब्द फारसा वापरताना ऐकला नाही. त्या म्हणायच्या, 'हुन पासे हुआसीं', तिकडे होतो तेव्हा. नाव घेऊन बोलणारे त्यांचे मुलगे होते, जे इथे शाळेत शिकले आणि मराठीच्या पेपरात 'फाळणीचे परिणाम' लिहून पास झाले.

चौकस
घरफाळ्याबद्दल आभार, रंकाळ्याचा. पण फाळा कुठून आला हा प्रश्न उरतोच ना? एकूण रकमेचे तुकडे करणे, म्हणजे फोडणेच. धातू तोच, फल्. नांगर नको असेल तर नका घेऊ.

सीमेवरचा
बेळगावकडून माझे दोन आणे. कन्नडमध्ये वाट्याला पालु म्हणतात. पालुदार म्हणजे भागीदार. तमिळमध्येही पाल म्हणजे विभाग : तिरुक्कुरळचे तीन भाग आहेत ते अरत्तुप्पाल, पोरुट्पाल, कामत्तुप्पाल. घरफाळा हा शब्द कुठे चालतो बघा. कोल्हापूर, सांगली, म्हणजे कन्नडला खेटून असलेला पट्टा. फाळा हा पालूचाच मराठी अवतार कशावरून नसेल? प्रत्येक शब्द संस्कृतच्याच दारातून आला पाहिजे असा काही कायदा नाही.

चौकस
प चा फ कसा होईल? कन्नडमधून आलेल्या शब्दांत महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेला उच्चार, का घुसावा? काहीतरी नियम हवा की नको? उद्या म्हणाल फणस पण कन्नड.

प्राकृताचा_विद्यार्थी
बरोबर फणसावरच बोट ठेवलंत. मूळ संस्कृत 'पनस', प ने सुरू होणारा. प्राकृतात त्याचा फणस झाला आणि तोच आपण खातो. तेव्हा प चा फ होतो, आपल्याच घरात झालेला आहे.

हेमचंद्राचं प्राकृत व्याकरण बाराव्या शतकातलं. त्यात ज्या थोड्या शब्दांत आरंभीच्या प चा फ होतो त्यांची यादी आहे. पनस, परुष, परिघ, परिखा, पारिभद्र, आणि सगळ्यांत आधी पाटि, म्हणजे 'पाटयति' हे क्रियापद. अर्थ : चिरतो, फाडतो. त्याचं प्राकृतात झालं 'फाडेइ'. आपलं फाडणे ते हे.

आता मुद्द्याचं. त्याच व्याकरणात दुसरा एक नियम आहे. चपेटा आणि पाटि या दोन शब्दांतल्या ट चा विकल्पाने ल होतो. म्हणजे पाटयतिची दोन रूपं चालतात : फाडेइ आणि फालेइ. प्राकृतातला दोन स्वरांमधला ल मराठीत ळ होतो हे नेहमीचंच, जसं फल चं फळ, कमल चं कमळ. म्हणून फालेइ चं झालं फाळणे.

फाडणे आणि फाळणे ही जुळी भावंडं आहेत. एकाने कापड-कागदाचं काम घेतलं, दुसऱ्याने हिशेबाचं. एकाच अर्थाची दोन रूपं शेजारी राहिली की भाषा बहुधा असं करते, दोघांना एकच काम ठेवत नाही. यात चौकस यांचा फल् धातू आणि नांगराचा फाळ बाजूला पडतात, ते वेगळ्या घरचे. सीमेवरचा यांचा पालु मात्र मी साफ उडवून लावणार नाही. मूळ फालेइ असलं, तरी कर्नाटकाला लागून असलेल्या भागातच 'फाळा' एवढा घट्ट टिकला, याला शेजारच्या पालूचा टेकू मिळाला असणं अशक्य नाही.

तिरपागडा
म्हणजे देशाची 'फाडणी' म्हटलं असतं तरी व्याकरणदृष्ट्या चाललं असतं. चहा वसूल झाला.

सीमेवरचा
टेकू तर टेकू. घेतला.

माजघर
इतकं विद्वज्जड चाललंय, त्यात एक स्वयंपाकघरातलं विचारते. भाजी 'चिरायची' की 'कापायची'? आमच्या सासूबाई 'कापली' म्हटलं की ओरडायच्या. कापायचं ते कोंबडं-बोकड, भाजी चिरतात. माहेरी कोल्हापूरकडे असलं काही नव्हतं, पण इथे पुण्यात विळीवर बसलं की चिरायचंच. आणि वांग्याचे, सुरणाचे मात्र 'काप' चालतात, ते कसे काय?

प्राकृताचा_विद्यार्थी
माजघरताई, सासूबाईंना सांगा की कापणे हा फार सभ्य घरातला शब्द आहे. मूळ संस्कृत 'कल्पयति' : नीट लावणे, छाटून बेतात आणणे. मनुस्मृतीत 'कॢप्तकेशनखश्मश्रु' असा शब्द येतो, केस, नखं, दाढी बेतात राखलेला. संस्कृतात न्हाव्याला कल्पक आणि कात्रीला कल्पनी हे शब्द आहेत. प्राकृतात कप्पइ, मराठीत कापणे. म्हणजे 'कल्पना' आणि 'कापणे' एकाच मुळाचे. 'कापड' मात्र यातलं नव्हे, ते कर्पटापासून. आवाज सारखा म्हणून नातं लावू नये.

माजघर
सासूबाई आता नाहीत, नाहीतर हे वाचून दाखवलं असतं. कल्पक म्हणजे न्हावी हे ऐकून आमच्या जाहिरातवाल्या दिराचं तोंड बघण्यासारखं होईल.

वाटण्यांवरून एक लिहायचं राहिलंच. आमच्या सासरी वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीवरून फार ताणलं नाही, भांड्यांवरून ताणलं. तांब्या-पितळेची भांडी नगावर वाटली तर एकाला हंडा आणि एकाला फुलपात्र, म्हणून वजनावर घ्यायची ठरली. किराणा दुकानातून तागडी आणली. चार ढीग केले, चारही ढीग तोलून सारखे करायचे, कमी पडलं तर वाटी टाकायची, जास्त झालं तर पळी काढायची. वाटे पाडले थोरल्या दिरांनी, म्हणून पहिला ढीग उचलायचा मान धाकट्याचा. एक मोठं घंगाळ कुठल्याच ढिगात बसेना. ते मोडीत दिलं आणि पैसे चार ठिकाणी केले. देव आणि टाक तागडीत घालायचे नसतात, ते थोरल्याकडे गेले. त्यांच्याबरोबर कुळधर्माचा खर्चही थोरल्याच्याच अंगावर. आता तुमचं वाचून कळलं, देवांची वाटणी झाली नाही आणि खर्चाची फाळणी झाली नाही!

नणंदांची नावं कुठल्याच ढिगावर नव्हती. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्माने हक्क १९९४ सालीच मिळाला, देशभर २००५ मध्ये. आमच्या वाटण्या त्यानंतरच्या. तरी दोघींना बोलावून, जेवू घालून, साड्या नेसवून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. मी तेव्हा नवी होते, पानं वाढत होते.

साखळीवाले_काका
माजघरताईंनी लिहिलंय ते घरोघरी बघितलंय. मोजणीला गेलं की बांधावर भाऊ उभे असतात, बहिणीचं नाव सातबाऱ्याला असलं तरी ती क्वचित येते.

अजून एक. मोजून सारखे वाटे पडले तरी कागदावर ते पडतीलच असं नाही. १९४७ सालीच मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायला बंदी. एकीकडे देशाची फाळणी आणि इकडे शेताच्या फाळणीला लगाम, एकाच सालात. लोकांनी काय केलं? बांध घातले, कसायला लागले, आणि सातबाऱ्यावर नावं एकत्रच ठेवली, फार तर नावापुढे आणेवारी. चार आणे, आठ आणे. विहिरीचं तर हमखास असंच, हिस्सा चार आण्यांचा आणि पाण्याची पाळी आठवड्यातला अमुक वार.

बांधकरी
इथवर आल्यावर माझा मूळ प्रश्न अर्धा सुटला. शब्द आधी चावडीवर आणि मोजणीच्या दप्तरात होता, देशाला नंतर लागला. उरलेला अर्धा : देशाला लावताना हाच का? १९०५ ला बंगालचे दोन तुकडे झाले तेव्हा आपल्याकडे 'वंगभंग' म्हणत. भंग हा शब्द तयार होता, वाटणी होती, तक्षीम होती.

मोडीचा_नाद
भंग म्हणजे मोडणं, त्यात तक्रार आहे. वंगभंग हा शब्द विरोध करणाऱ्यांचा होता, बंगालीतून जसाच्या तसा घेतलेला. ती फाळणी १९११ मध्ये रद्दही झाली. वाटणीत भाऊबंदकीचा वास येतो. फाळणी कोरडा शब्द आहे, कारकुनाचा.

आणि सत्तेचाळीसला प्रत्यक्षात जे झालं त्याला तो चपखल बसतो. रॅडक्लिफची रेघ डोळ्यांपुढे येते, पण ती लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. त्याआधीचे दोन महिने दिल्लीत रात्रंदिवस चाललं होतं ते वेगळंच : सरकारच्या मत्तेची आणि कर्जाची फोड. एच. एम. पटेल आणि चौधरी मुहम्मद अली हे दोन सनदी अधिकारी, एकमेकांचे चांगले परिचित, समोरासमोर बसून याद्या करत होते. रेल्वेचे डबे, टाइपरायटर, टेबलं-खुर्च्या, ग्रंथालयातली पुस्तकं. शेवटी प्रमाण ठरलं भारताकडे साडेब्याऐंशी टक्के आणि पाकिस्तानकडे साडेसतरा. देणीही त्याच मापाने. रोख शिल्लकेतले ७५ कोटी पाकिस्तानच्या वाट्याला आले, २० कोटी आधी दिले, आणि उरलेल्या ५५ कोटींवरून जानेवारी १९४८ मध्ये काय वादळ झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मत्ता आणि बोजा एका प्रमाणात फोडून दोघांच्या नावावर टाकणे, ही शब्दशः फाळणी. मराठी पत्रकारांनी एवढा विचार करून शब्द निवडला असा माझा दावा नाही.

कॅम्प_नंबर_चार
मोडीकाका, तुम्ही म्हणता ते कागदाबद्दल खरं. पण कोरडा म्हणूनच मला तो शब्द खुपतो. पंजाबी लोक त्या दिवसांना 'रौळे' म्हणतात, नुसता गोंगाट, दंगल. त्यात माणसं आहेत. साडेसतरा टक्क्यांत आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं शिकारपूरचं घर कुठे बसतं?

मोडीचा_नाद
बसत नाही. म्हणूनच त्या 'तिकडे होतो तेव्हा' म्हणत असतील.

अनुस्वारप्रेमी
या प्रतिसादाला माझ्याकडून काही जोडायचं नाही. थोडं थांबून मग अवांतर : फाळा कोल्हापुरात, पट्टी पुण्यात. पट्टीचं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, दंडपट्टी, आणि पट्टीचा पोहणारा.

वऱ्हाडी_ठेचा
पट्टीचा पोहणारा कर भरत नाही भाऊ, सोडा त्याला.

रंकाळ्याचा
पट्टी आमच्यातबी हाय की. फाळा महापालिकेला, पट्टी जत्रेला. गावाकडं जत्रेची पट्टी अजून चुलीवर बसती, माणसावर न्हाय. एक चूल, एक पट्टी. आता आमच्या वाड्यात दोघं चुलतभाऊ हायत. वाटणीचा दावा कोर्टात, बोलणं बंद, मधी भिंत घातलेली, गॅस वेगळा, मीटर वेगळं. पण पंचमंडळी वही घेऊन दारात आली की थोरला म्हणतोय, 'आम्ही अजून एकत्रच हाय की, लिवा एकच.' आणि धाकटा भिंतीपलीकडनं वरडतोय, 'व्हय व्हय, एकच!'

तिरपागडा
पंच काय करतात मग?

रंकाळ्याचा
गॅसच्या टाक्या मोजत्यात.